चाळीस विषं पाठ आहेत, पण ‘का?’ विचारलं की अडतं

प्रश्न : रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी विषशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आले. पहिल्या सत्रासाठी चाळीस विषांचा तक्ता केला (नाव, लक्षणं, उतारा) आणि तोंडपाठ केला. लेखी परीक्षेत जेमतेम निभावलं. तोंडी परीक्षेत मात्र ‘असं का?’ विचारलं की मी गप्प. जीवशास्त्र शाळेनंतर शिकलेच नाही. प्रयोगशाळेत तीच गत. एकाच पदार्थाची एमटीटी चाचणी (पेशी किती जिवंत राहिल्या ते रंगावरून मोजणारी) तीनदा केली, आयसी५० (पेशींचा प्रतिसाद निम्म्यावर आणणारी मात्रा) एकदा ४०, एकदा ७५ आणि एकदा ११० मायक्रोमोलर आली. आता प्रकल्प निवडायचाय. एक पर्याय वनस्पतीच्या अर्काचा हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींवरचा परिणाम, दुसरा लघवीतलं आर्सेनिक मोजण्याचा. कोणता घेऊ? आणि मुळात हा विषय मला झेपेल का?

उत्तर : तो तक्ता आधी बाजूला ठेव. फाडू नकोस, परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला कामी येईल. पण अभ्यासाची सुरुवात तिथून नको. विष शरीरात गेलं आणि लक्षणं दिसली, या दोहोंच्या मधे जे घडतं ते विषशास्त्र, आणि तुझ्या तक्त्यात नेमका तेवढाच रकाना नाही. परीक्षक ‘का?’ विचारतात ते त्या रकान्याबद्दल.

एक साधा प्रश्न घे. विषबाधेच्या रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा का? कार्बन मोनॉक्साइड असेल तर ताबडतोब आणि भरपूर. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, १०० टक्के ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. पॅराक्वाट या तणनाशकाच्या बाबतीत मात्र तोच ऑक्सिजन हात राखून द्यावा लागतो. पॅराक्वाट फुप्फुसाच्या पेशींत पॉलिअमाइन या पेशीला लागणाऱ्या रेणूंच्या वाटेने शिरून साठतं, एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूचे इलेक्ट्रॉन उचलतं, ऑक्सिजनच्या गळ्यात मारतं आणि पुन्हा उचलायला मोकळं होतं. दर फेरीला सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं पेशीला घातक रूप, तयार होतो. अशा वेळी जादा ऑक्सिजन म्हणजे आगीत तेल. तक्त्यात दोन्हींपुढे ‘श्वास लागणे’ एवढंच लिहिलेलं असतं.

तेव्हा प्रत्येक विषाला पाच प्रश्न विचार : कुठून शिरलं, कुठे जाऊन बसलं, शरीराने त्याचं काय केलं, शेवटी कोणत्या रेणूला धरलं आणि बाहेर कोणत्या वाटेने पडतं. चाळीस नकोत, बारा पुरेत. कार्बन मोनॉक्साइड, सायनाइड, मिथेनॉल, पॅरासिटामॉल, ऑर्गॅनोफॉस्फेट, पॅराक्वाट, डिजॉक्सिन, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, अफ्लाटॉक्सिन, डायऑक्सिन. उरलेल्या अठ्ठावीसपैकी बरीचशी यांचीच भावंडं निघतील.

यातलं मिथेनॉल आत्ताच उलगडून बघू, कारण त्यात तुझं रसायनशास्त्र सगळं वापरात येतं. मिथेनॉल स्वतः फारसं काही करत नाही, थोडी नशा आणतं एवढंच. यकृतातलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, ते काही मिनिटांत फॉर्मिक आम्ल होतं आणि गाडी तिथे अडते. फॉर्मेटची (म्हणजे याच आम्लाच्या आयनरूपाची) पुढची विल्हेवाट फोलेट या जीवनसत्त्वावर अवलंबून असते आणि माणसात ती संथ आहे. साठलेलं फॉर्मेट मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे पेशीच्या श्वसनाचं एन्झाइम अडवतं. म्हणजे सायनाइडचंच लक्ष्य, फक्त पकड सैल. डोळ्याच्या नसेला ऊर्जेची भूक मोठी, म्हणून दृष्टी आधी जाते. आणि हे सगळं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिले १२ ते २४ तास रुग्ण बऱ्यापैकी ठीक दिसू शकतो.

आता उपचार पाठ करावाच लागत नाही. पहिलं एन्झाइम अडवा : फोमेपिझोल. फॉर्मेट संपवायला मदत करा : फोलिनिक आम्ल. मिथेनॉल आणि फॉर्मेट दोन्ही बाहेर काढा : डायलिसिस. आणि सोडियम बायकार्बोनेट कशाला? इथे कागद-पेन्सिल घे. फॉर्मिक आम्लाचा पीकेए (निम्मं आम्ल आयनरूपात असतं तो पीएच) ३.७५. रक्ताचा पीएच ७.४ असताना आयनरूप आणि आम्लरूप यांचं गुणोत्तर १० चा ३.६५ वा घात, म्हणजे सुमारे ४,५०० ला १. पीएच ७.० वर घसरला की तेच सुमारे १,८०० ला १. आम्लरूप अडीच पट झालं, आणि पेशीपटल सहज ओलांडतं ते हेच विनाभार रूप. म्हणजे आम्लता वाढली की विष आत शिरतं, आत शिरलं की श्वसन अडून आम्लता आणखी वाढते. बायकार्बोनेट हे दुष्टचक्र तोडतं. तोंडी परीक्षेत हे गणित फळ्यावर मांडलंस, तर पुढचा प्रश्न बहुधा उंदरांबद्दल येईल : मिथेनॉलने उंदीर आंधळे का होत नाहीत? त्यांच्या यकृतात फोलेटचा साठा जास्त, फॉर्मेट साचतच नाही. प्रयोगासाठी त्यांना आधी फोलेटहीन करावं लागतं. कुठल्याही प्राण्यावरचा निष्कर्ष माणसाला लावण्याआधी काय तपासायचं, ते या एका उदाहरणात आहे.

दुसरं गणित वितरण-आकारमानाचं (शरीरातलं सगळं औषध रक्तातल्याच प्रमाणात पसरलं असतं तर लागली असती ती जागा). विद्यार्थी याला सूत्र समजून पुढे जातात आणि अर्थ निसटतो. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं वितरण-आकारमान किलोला सुमारे ७ लिटर. ७० किलोच्या माणसात ते ४९० लिटर. माणसात एवढी जागा नसते, रक्त तर जेमतेम ५ लिटर. मग ४९० लिटर आले कुठून? औषध रक्त सोडून हृदयाच्या आणि इतर स्नायूंत जाऊन बसलं, रक्तात फार थोडं उरलं. त्या उरलेल्यावरून हिशेब केला की भांडं प्रचंड मोठं भासतं. शिरेतून ०.५ मिलिग्रॅम दिलं तर ०.५ भागिले ४९०, म्हणजे लिटरला साधारण १ मायक्रोग्रॅम. हा आकडा वाटप पूर्ण झाल्यावरचा. त्यासाठी शेवटच्या मात्रेनंतर निदान सहा तास थांबून रक्त घ्यावं लागतं. लवकर घेतलेला नमुना खोटा उच्च आकडा दाखवतो. आणि डायलिसिस फक्त रक्त धुतं. ४९० लिटरमधले ५ लिटर धुऊन काय हाती लागणार? म्हणून डिजॉक्सिनला त्याला पकडून ठेवणाऱ्या प्रतिपिंडाचे तुकडे देतात, आणि किलोला ०.६ ते ०.७ लिटरमध्ये मावणाऱ्या मिथेनॉलला डायलिसिस चालतं.

विषय झेपण्याची शंका तू काढलीस. जीवशास्त्र कच्चं आहे हे खरं, पण ते भरून काढता येतं. पूर्ण शरीरक्रियाशास्त्र वाचत बसू नकोस. यकृताची एक पाळी (लोब्यूल, म्हणजे यकृताचा छोटा घटक), मूत्रपिंडाचा एक नेफ्रॉन (गाळणी), एक सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा) आणि मायटोकाँड्रियाची श्वसनसाखळी. ही चार चित्रं न बघता काढता येईपर्यंत काढ. महिनाभर रोज अर्धा तास पुरतो. यकृताच्या पाळीत मध्यशिरेभोवतीच्या पेशींना ऑक्सिजन सर्वांत कमी मिळतो आणि सायटोक्रोम पी४५० ही रसायनांचं रूपांतर करणारी एन्झाइमं मात्र तिथेच जास्त असतात. हे चित्रात दाखवता आलं की पॅरासिटामॉल आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांचा घाव मध्यशिरेपासूनच का सुरू होतो, हे वेगळं पाठ करायला नको.

रसायनशास्त्र मात्र तुझ्या हातात आहे आणि जीवशास्त्राकडून आलेल्यांना तेच अवघड जातं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग ऑक्सिडेशनने एनएपीक्यूआय होतो. नावाला घाबरू नकोस, हा क्विनोन इमाइन आहे, म्हणजे मृदू इलेक्ट्रोफाइल (इलेक्ट्रॉन शोधणारा). मृदू न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन देणारा) शोधतो, ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रेणूचा थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट सापडतो, विषय मिटतो. ग्लुटाथायोन आटलं की मग प्रथिनांच्या थायॉल गटांवर पाळी. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध मुख्यतः ग्लुटाथायोन पुन्हा बनवायला सिस्टीन पुरवतं, आणि पहिल्या आठ तासांत दिलं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीच्या विषाची गोष्ट याच घराण्यातली : इपॉक्साइड तयार होतो आणि डीएनएतल्या ग्वानिनच्या एन७ या नायट्रोजनला जाऊन चिकटतो. रेणूची रचना बघून ‘हा कुणाला धरेल?’ हे सांगता येणं हे या विषयातलं अर्धं काम आहे. तेव्हा झेपेल.

मात्रा-प्रतिसादाबद्दल दोनच गोष्टी. पहिली, एलडी५० ला (निम्मे प्राणी मारणाऱ्या मात्रेला) फार भाव देऊ नकोस. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ही कल्पना मांडली ती औषधांची ताकद तपासायला. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुनी चाचणी २००२ मध्ये रद्द केली आणि तिच्या जागी कमी प्राणी लागणाऱ्या पद्धती आणल्या. दोन पदार्थांची एलडी५० सारखी असली तरी वक्रांचा उतार वेगळा असू शकतो, आणि सपाट उताराचा पदार्थ कमी मात्रेत जास्त जणांना त्रास देतो. दुसरी, ‘दुष्परिणाम न दिसलेली सर्वोच्च मात्रा’ हा निसर्गाचा आकडा नसून प्रयोगकर्त्याने निवडलेल्या मात्रांपैकी एक असतो. १, ५ आणि २५ मिलिग्रॅम दिले तर उत्तर १ किंवा ५ येईल, ३ कधीच येणार नाही. प्राणी कमी घेतले तर परिणाम नजरेतून सुटतो आणि आकडा वर जातो. निष्काळजी अभ्यासाला बक्षीसच म्हणायचं. सगळ्या वक्रावरून मात्रा काढणारी बेंचमार्क डोसची पद्धत यासाठी आली. न दिसलेल्या मात्रेवरून माणसाची सुरक्षित मात्रा काढायचा हिशेब असा : ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो भागिले १०० (१० प्राण्याकडून माणसाकडे येताना, १० माणसामाणसांतल्या फरकासाठी), म्हणजे ०.०५, ६० किलोच्या व्यक्तीला दिवसाला ३ मिलिग्रॅम. हे शंभर कुठून आले ते सांगता आलं पाहिजे.

आता तुझी एमटीटी. ४०, ७५, ११० हे आकडे ऐकून आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. पिवळं एमटीटी जिवंत पेशींतली एन्झाइमं क्षपण करून जांभळं फॉर्मेझान बनवतात, ते डीएमएसओ या विद्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरवर मोजायचं. तत्त्व सोपं आहे, म्हणून लोक गाफील राहतात.

आधी प्लेटच्या कडा बघ. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेचे वेल ३६. इन्क्युबेटरमध्ये त्यातलं पाणी जास्त उडतं, द्रावण दाट होतं, पेशी वेगळ्या वागतात. या ३६ वेलमध्ये नुसतं बफर भर आणि प्रयोग आतल्या ६० वर कर. मग पेशी पेरण्याची पद्धत. पेशी मिनिटाभरात तळाला बसू लागतात. एकदा ढवळून सगळी प्लेट भरलीस तर एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त पेशी पडतात, आणि मात्रा डावीकडून उजवीकडे वाढत असतील तर पेरणीतली चूक हुबेहूब मात्रा-प्रतिसादासारखी दिसते. दर दोन रकान्यांनंतर हलक्या हाताने ढवळ. वेलमागे किती पेशी हे अंदाजाने ठरवू नकोस : १,००० पासून ४०,००० पर्यंत पेरून आलेख काढ आणि तो सरळ रेषेत आहे त्या भागातली संख्या घे, बहुतेक वेळा ती ५,००० ते १०,००० असते. कंट्रोल वेल दाटीने भरून गेले की त्यांची वाढ थांबते आणि तुझा पदार्थ आहे त्यापेक्षा निरुपद्रवी भासतो.

सर्वांत जास्त चुका विद्रावकात होतात. पदार्थ डीएमएसओत विरघळवून पेशींच्या माध्यमातच (पोषक द्रवातच) पुढे पुढे विरल करत गेलीस, तर सर्वोच्च मात्रेच्या वेलमध्ये डीएमएसओही सर्वोच्च. मग पेशी कशाने मेल्या? मात्रांची साखळी शुद्ध डीएमएसओतच बनव, प्रत्येक द्रावण अंतिम मात्रेच्या हजारपट, आणि प्रत्येकातून तेवढाच थेंब माध्यमात टाक. सगळीकडे डीएमएसओ ०.१ टक्के राहील, कंट्रोलमध्येही. टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट बघ. स्फटिक दिसले तर तुझे ‘१०० मायक्रोमोलर’ वहीतच राहिले, पेशीपर्यंत पोचलेच नाहीत. मात्रा १, ३, १०, ३०, १०० अशा घे. १०, २०, ३०, ४० अशा समान पायऱ्यांनी वक्राचा एकच तुकडा हाती लागतो.

तिन्ही वेळा माध्यमातलं सीरम (पेशींना पोसायला घातलेला रक्तद्रव) तेवढंच होतं का? १० टक्के सीरममध्ये प्रथिनं पदार्थाला धरून ठेवतात, मोकळा उरतो तो थोडाच. सीरम २ टक्क्यांवर आणलं की तोच पदार्थ कितीतरी विषारी ठरू शकतो. वर डिजॉक्सिनचं जे झालं तेच इथे छोट्या भांड्यात होतं. बाटली, टक्केवारी, पेशींचा पॅसेज क्रमांक (त्या किती वेळा नव्या भांड्यात हलवल्या), पेरणीची संख्या, हे सगळं तिन्ही दिवसांच्या नोंदींत शेजारी शेजारी मांडून बघ. नोंदीच नसतील तर दोष तिथेच आहे.

आणखी दोन. पेशी नसलेल्या वेलमध्ये पदार्थ आणि एमटीटी घालून बघ. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, थायॉल, पॉलिफिनॉल असलेले अर्क पेशींशिवायच जांभळा रंग देतात. दुसरं, एका प्लेटमधले सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग, सहा वेळा मोजलेला. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने पेरलेल्या पेशींवर केलेले तीन म्हणजे तीन. शिवाय जांभळा रंग कमी झाला याचा अर्थ पेशी मेल्या असाच होत नाही, त्यांचा चयापचय मंदावलेलाही असू शकतो. एलडीएच गळती (फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेलं एन्झाइम मोजणं) किंवा न्यूट्रल रेड (फक्त जिवंत पेशी धरून ठेवतात तो रंग) यांपैकी एक जोड चाचणी ठेवल्याशिवाय ‘पेशीमृत्यू’ हा शब्द लिहू नकोस.

हातमोज्यांचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. डीएमएसओ स्वतः त्वचेतून जातो आणि विरघळलेलं बरंच काही सोबत नेतो. १९९६ मध्ये केरेन वेटरहान या अमेरिकी रसायनतज्ज्ञ प्राध्यापिकेच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब पडले. लक्षणं काही महिन्यांनी दिसली आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतरच्या तपासणीत तो पदार्थ अशा हातमोज्यातून काही सेकंदांत पार होतो हे दिसलं. त्या नियम पाळूनच काम करत होत्या. प्रत्येक रसायनाला कोणता हातमोजा आणि तो किती मिनिटं टिकतो, हे बाटली उघडण्यापूर्वी बघायचं, आणि सांडलं की आधी हातमोजा उतरवायचा.

आता प्रकल्प. अर्क आणि हेपजी२ हा पर्याय सोपा दिसतो म्हणून सगळे घेतात. हेपजी२ या यकृतातल्या पेशी म्हणवतात, पण त्यांच्यात सायटोक्रोम पी४५० ची क्षमता खऱ्या यकृतपेशींच्या मानाने फारच कमी. जे विष यकृतात गेल्यावर विष बनतं, ते या पेशींपुढे साळसूद ठरतं. त्यात अर्क म्हणजे शेकडो रेणूंचं मिश्रण. मायक्रोमोलर लिहिता येत नाही, दुसऱ्या खेपेच्या अर्कात प्रमाण बदलतं, आणि पॉलिफिनॉलची भानगड वर सांगितलीच. अर्कातला एखादा शुद्ध घटक आणि हेपआरजीसारख्या चयापचय टिकवलेल्या पेशी मिळत असतील तर वेगळी गोष्ट.

आर्सेनिकचा घे. तुझ्या रसायनशास्त्राला तो साजतो आणि पुढे न्यायवैद्यक, पर्यावरण, औद्योगिक आरोग्य अशा तिन्ही वाटा उघड्या राहतात. होकार देण्याआधी मात्र मार्गदर्शकांना चार गोष्टी विचार. यंत्र चालू आहे का, आणि आठवड्यातून किती तास मिळेल? नैतिकता समितीची मंजुरी आहे, की अर्जापासून सुरुवात? (अर्जापासून असेल तर त्यातच काही महिने जातात.) आधीच्या विद्यार्थ्याची कच्ची नोंदवही बघायला मिळेल का? आणि आर्सेनिकची रूपं वेगळी करायची सोय आहे का? शेवटचा प्रश्न कळीचा. सागरी अन्नातलं आर्सेनोबेटाइन जवळपास निरुपद्रवी असतं, पण एकूण आर्सेनिकच्या आकड्यात तेही मिसळतं. रूपं वेगळी करता येत नसतील तर नमुना देण्याआधी निदान तीन-चार दिवस मासे, शिंपले आणि समुद्री शेवाळ बंद ठेवायला सांगावं लागेल, आणि त्याची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत हवी.

यंत्रावर पहिला सापळा क्लोराइडचा. आयसीपी-एमएसमध्ये (मूलद्रव्यं वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात) आर्सेनिक वस्तुमान ७५ वर दिसतं, आणि वाहक आर्गॉनचे ४० अधिक क्लोरीनचे ३५ मिळूनही ७५ च होतात. लघवीत मीठ भरपूर असल्यामुळे स्वच्छ नमुन्यातही आर्सेनिक ‘सापडतं’. विरलनाला हायड्रोक्लोरिक आम्ल अजिबात वापरू नकोस, नायट्रिक घे. यंत्राच्या टक्कर-कक्षेत (असे फसवे जोड-आयन गाळणाऱ्या भागात) हेलियम चालू ठेव. आणि आर्सेनिक नसलेलं नुसतं मिठाचं पाणी रोज पहिल्या नमुन्याच्या आधी यंत्रावर चालवून बघ. त्याने आकडा दाखवला तर त्या दिवशीचे नमुने लावू नकोस. लघवी पातळ-दाट असते, त्यामुळे प्रत्येक नमुन्याचं क्रिएटिनीनही (लघवी किती दाट आहे ते सांगणारा घटक) मोजावं लागेल. ती चाचणी कोण करणार आणि नमुना त्यांच्याकडे कधी पोचवायचा, हे पहिल्याच भेटीत ठरवून घे.